खसखशीच्या केकचं कडवं

कॅबरे म्हटलं की पिसं लावून तंगड्या उडवणाऱ्या पोरी आठवत असतील, तर आधी त्या विसरा. ती चैन पॅरिसवाल्यांची. आमच्या लायप्झिगमध्ये, जर्मनीचे दोन तुकडे करणारी भिंत उभी होती त्या काळात, कॅबरे म्हणजे एक ओलसर तळघर, एक म्हातारा पियानो, पाच-सहा नट-नट्या आणि सरकारला काढलेले चिमटे. तेही सरकारच्याच परवानगीनं. चिमटा कुठे काढायचा, किती जोरात काढायचा आणि कुठल्या साहेबाच्या अंगाला हातसुद्धा लावायचा नाही, हे आधी दाखवून पास करून घ्यायचं. मग लोकांनी तिकिटासाठी महिनोन्‌महिने थांबायचं, आणि घरात दारं लावून सांगायचे ते विनोद इथे भर सभेत ऐकून पोट धरधरून हसायचं. हसून झालं की ट्राम पकडून मुकाट घरी जायचं.

आमच्या कॅबरेचं नाव 'खाजकुयली'. गेर्डा त्साइडलर तिथे गायची. तिचं नाव तुम्ही ऐकलं नसेल, कुणीच ऐकलेलं नाही. पोस्टरवर ती शेवटून दुसरी. तिच्याखाली फक्त पियानोवाला मानफ्रेड. मूळची सूतगिरणीतली कामगार. गिरणीच्या गाण्याच्या मंडळातून तिला उचलून आणली ती लोथार क्लेमनं. लोथार म्हणजे खाजकुयलीचा लेखक, दिग्दर्शक, सर्वेसर्वा. हुशार माणूस, त्यात वादच नाही. पण मेला ज्याला त्याला वापरून घेणारा.

गेर्डाला त्यानं कशासाठी आणली, ते सांगते. नवा कार्यक्रम बसला की तो आधी रिकाम्या हॉलमध्ये साहेबलोकांना करून दाखवावा लागे. चार-पाच कॉम्रेड चौथ्या रांगेत बसणार, मांडीवर वह्या, तोंडावर हसू नाही. हसू नये असा काही नियम नव्हता, पण वरिष्ठाच्या आधी हसायची छाती कुणाची? आपण विनोद सांगायचा आणि समोर मसणवटा. यातून काही ना काही कापलं जाणारच. कापलं नाही, तर साहेबानं काम काय केलं? म्हणून लोथारनं, आणि खरं सांगायचं तर देशातल्या सगळ्याच कॅबरेवाल्यांनी, एक युक्ती धरली होती. कार्यक्रमात एक कडवं मुद्दाम इतकं जहाल घालायचं, की साहेबांची कात्री धावत तिथेच जावी. ते कापून साहेब खूश, बाकीचं वाचलं म्हणून आपण खूश. आवळा देऊन कोहळा काढायचा. त्या कडव्याला आम्ही सगळे 'बकरा' म्हणायचो.

पण हा बकरा गाणार कोण? मोठ्या नट्या नाक मुरडायच्या. जे लोकांसमोर कधी यायचंच नाही, ते पाठ कशाला करा?

"गेर्डे, तुझा आवाज बकऱ्याला शोभतो बघ," लोथार म्हणायचा, आणि सगळे हसायचे. गेर्डाही हसायची.

बकरा अर्ध्या मनानं म्हणून भागत नाही, साहेबांना वास येतो. म्हणून गेर्डा जीव ओतून म्हणायची. आयुष्यात जी खरी, अंगावर काटा आणणारी गाणी तिनं गायली, ती सगळी एकेकदाच, चौथ्या रांगेतल्या त्या वह्यांसमोर. दुसऱ्या दिवशी ते गाणं मेलेलं. लोकांसमोर मात्र ती बटाट्याच्या रांगेतली म्हातारी, नाहीतर ट्रामची कंडक्टरीण. असल्या जिण्याला कुणी कौतुकानं कला म्हणत असेल तर म्हणो बापडे.

गेर्डाला एक मोठी बहीण होती, रेनाटे. भिंत बांधली त्या उन्हाळ्यात, अगदी आदल्या आठवड्यात, रेनाटे एका बॅगेनिशी पलीकडे, पश्चिमेला गेली आणि हानोफरला राहिली. काही वर्षांनी आई गेली. पळून गेलेल्यानं त्या काळी अलीकडे पाऊल टाकलं तर सरळ तुरुंग. आणि रेनाटे कशी आहे, हे गेर्डाला ठाऊक होतं. आई गेली म्हटल्यावर ती वाघाच्या जबड्यात हात घालायला कमी करणार नाही. म्हणून गेर्डानं तिला कळवलं ते आईला माती देऊन झाल्यावर.

माती झाली की आमच्याकडे सगळ्यांनी मिळून कॉफी आणि केक घ्यायची रीत आहे. गेर्डानं आईच्याच हातचा असावा तसा खसखशीचा केक केला. त्यातला कडेचा, जरासा करपलेला तुकडा लहानपणी रेनाटेच्या मालकीचा. त्यावरून दोघींनी एकमेकींच्या झिंज्या उपटलेल्या. गेर्डानं एक खुर्ची मोकळी ठेवली, तिच्यापुढे बशी मांडली आणि बशीत तो कडेचा तुकडा ठेवला. आल्यागेल्यांपैकी कुणी विचारलं नाही. विचारायचे दिवसच नव्हते ते.

रेनाटेनं मात्र ही गोष्ट कधी माफ केली नाही. पुढे कायदा सैल झाला, पळून गेलेल्यांना माफी मिळाली, पलीकडे फोन लागायला लागला, तेव्हा गेर्डा पोस्टातल्या खोक्यात उभी राहून बोलायची आणि रेनाटे तिकडून फाडून खायची.

"माझी काळजी होती म्हणे! पळपुटी बहीण आईच्या मातीला उगवली असती, तर तुला नाटकमंडळीतून काढून परत गिरणीत धाडलं असतं. ती काळजी होती तुला. खोटं आहे?"

फोनवर बोलणाऱ्या दोघी, आणि ऐकणारा तिसरा होताच. आणि खरं सांगायचं तर ते अगदीच खोटंही नव्हतं.

"मी तुझी बशी मांडली होती गं," ती एवढंच म्हणाली.

"हो का! बोलण्यात तुझा हात कोण धरणार, धंदाच आहे तो तुझा. एवढं खरं असेल ना, तर तुझ्या त्या स्टेजवरून म्हण सगळ्यांसमोर. ज्या जागेसाठी मला आईचं तोंड बघू दिलं नाहीस, त्याच जागेवरून म्हण. तेव्हा मानीन."

गेर्डानं जन्मात कधी काही लिहिलं नव्हतं. त्या आठवड्यात लिहिलं. आई पीठ चाळताना जी चाल गुणगुणायची, त्या चालीवर बसवलं.

बशी मांडली आहे, तुकडा कडेचा आहे,
कॉफी निवत चालली, खुर्ची वाट पाहे.
वेशीवरच्या शिपाईदादा, एवढं तरी सांग,
मेलेल्या आईला भेटायला कुठे लावू रांग?

लोथारनं ते दोनदा वाचलं. त्याचे डोळे पाणावले, खोटं कशाला बोलू.

"गेर्डे, सोनं आहे हे," तो म्हणाला. "याच्यापेक्षा चांगला बकरा मला सात जन्मांत लिहिता आला नसता. वेस, आई, रांग! फाइस्ट हे कापणार म्हणजे कापणारच, आणि आपला घरटंचाईचा प्रवेश साफ सुटणार."

"आणि नाही कापलं तर?"

"वेडी का खुळी तू?"

कॉम्रेड फाइस्ट म्हणजे शहराच्या संस्कृती खात्याचा साहेब. उंच, खांद्यात वाकलेला, चेहरा कायम पोट दुखत असल्यासारखा. गेर्डा गायली. फाइस्टनं चष्मा काढला, रुमालानं पुसला, परत घातला. "केकचं कडवं जाईल," तो म्हणाला.

"कॉम्रेड, निदान दोन ओळी तरी!" लोथारनं गळा काढला. बकऱ्यासाठी थोडं रडायचीही पद्धत होती, नाहीतर साहेबाला मजा येत नाही. घरटंचाईचा प्रवेश सुटला. लगेच फसफसती वाइन फुटली, लोथारनं गेर्डाच्या दोन्ही गालांचे मुके घेतले, "आज तू तारलंस आम्हाला," म्हणाला. जिच्या आईवरचं गाणं आत्ताच मारलं, तिच्याच हातात ग्लास! आणि गेर्डा ती वाइन प्यायली. न पिऊन सांगते कुणाला?

त्यानंतर ती दर कार्यक्रमात ते कडवं नवे कपडे घालून आणायची. कधी ते म्हाताऱ्या शिपायाच्या तोंडी, कधी कॉफीच्या जाहिरातीत, कधी रेल्वेच्या टपरीवर. फाइस्ट दरवेळी चष्मा पुसायचा आणि तेच वाक्य म्हणायचा. लोथारला काय, आयता बकरा मिळाला. रेनाटे फोनवर विचारायची, "म्हटलंस?" गेर्डा म्हणायची, "अजून नाही."

मग चौऱ्याऐंशी साल उजाडलं. वसंतातली व्यापारी जत्रा तोंडावर आली. जत्रेच्या दिवसांत आमचं गाव ओळखू यायचं नाही. दुकानात संत्री दिसायची, रस्त्यावरच्या घरांना गाडीतून दिसेल तेवढ्याच उंचीपर्यंत रंग लागायचा, आणि पलीकडचे पाहुणे जत्रेचा पास काढून बिनबोभाट येऊ शकायचे. आमचा नवा कार्यक्रम त्याच आठवड्यात लागणार होता. त्यात गेर्डा कॉफीच्या रांगेतली म्हातारी होती, आणि म्हातारीच्या गाण्याच्या मधोमध केकचं कडवं.

साहेबांना दाखवायच्या दिवशी फाइस्ट आलाच नाही. आजारी म्हणे. त्याच्या जागी कुणी एक नवा, पोरगेला साहेब. त्यानं सगळं ऐकून घेतलं, वही मिटली, "छान. धाडसी आहे. असंच करा," म्हणाला आणि टोपी घालून चालता झाला. काहीच कापलं नाही! एक शब्द नाही!

गेर्डा तशीच धावत पोस्टात गेली. "रेनाटे, ये. या जत्रेला ये. म्हणणार आहे मी."

"खरंच?"

"पास झालंय गं! तू ये फक्त."

ती परत तळघरात आली, तर तिथे सुतक. लोथार येरझाऱ्या घालत होता.

"सापळा आहे," तो म्हणाला.

"अरे, पास झालंय ना?"

"म्हणूनच! आजवर बकरा कधी जिवंत परत आलाय? आपण म्हणायची वाट बघतायत ते. म्हटलं की टाळं. फाइस्ट आजारी कसा पडला बरोबर आत्ताच?"

भित्यापाठी ब्रह्मराक्षस, दुसरं काय! ज्यांना जन्मभर दुसऱ्यानं कापायची सवय, त्यांना न कापलेलं बघून घाम फुटला. मग बसले सगळे गोल करून आणि स्वतःच कापायला लागले. आधी केकचं कडवं, मग घरटंचाई, मग मंत्रिणबाईंच्या टोपीचा विनोद, मग मोटारीच्या नंबरासाठी वर्षानुवर्षं थांबलेल्या नवऱ्याचा. फाइस्टनं डोकं फिरलं असतं तरी एवढं कापलं नसतं. कुंपणच शेत खायला लागल्यावर सांगायचं कुणाला?

"लोथार, माझी बहीण येतेय रे," गेर्डा म्हणाली. "एवढ्यासाठीच येतेय."

"पलीकडची बाई हॉलमध्ये, आणि तू वेशीवरच्या शिपायाचं कडवं म्हणणार! आत घालतेस का आम्हाला? तुला एकटीला काय, मागेपुढे कुणी नाही. आम्हाला लेकरंबाळं आहेत."

सगळे तिच्याकडे बघत होते. मानफ्रेडसुद्धा. पण बहिणीला येऊ नको म्हणून तिनं कळवलं नाही. मनात तिनं धरून ठेवलं होतं, की त्या दिवशी स्टेजवर उभी राहीन तेव्हा कोण येणार आहे माझं तोंड धरायला.

पहिल्या प्रयोगाला हॉल गच्च भरलेला. रेनाटे तिसऱ्या रांगेत, केस पांढरे झालेले, कोट मांडीवर. दिव्यांमुळे गेर्डाला तिचा चेहरा दिसत नव्हता, पण जागा ठाऊक होती. म्हातारी कॉफीच्या रांगेत उभी राहिली, पहिलं कडवं झालं, दुसरं झालं, लोक बरे हसले. आणि मग मानफ्रेडची बोटं चुकली. इतक्या तालमी केलेली बोटं ती, त्यांना काय ठाऊक आपण काय कापलं ते? त्यानं आईच्या चालीचे पहिले सूर वाजवले.

गेर्डानं श्वास घेतला. पडद्याआड लोथार दोन्ही हात हलवून नको नको करत होता. पण तो स्टेजवर येऊ शकत नव्हता. कुणीच येऊ शकत नव्हतं. तोंड तिचं, कडवं तिचं, समोर बहीण. चार ओळी. म्हणून मोकळं व्हायचं होतं, बाई! पण आत कुठेतरी ते "लेकरंबाळं आहेत" अडकलं, आणि गिरणीतला तो यंत्रांचा खडखडाट, आणि काय काय. तोंड उघडलंच नाही. चालीचे सूर रिकामे गेले.

मानफ्रेडला चूक कळली, त्यानं गडबडीनं पुढचं कडवं धरलं. आणि लोक? आमचे लोक शहाणे. इथे काहीतरी कापलंय हे त्यांनी बरोबर ओळखलं, आणि त्या भोकालाच ते हसले. एकानं टाळी वाजवली, मग सगळ्या हॉलनं. गेर्डाच्या सगळ्या आयुष्यात तिला एवढा हशा कधी मिळाला नव्हता. न म्हटलेल्या गाण्याला मिळाला.

प्रयोग संपल्यावर रेनाटे कोट चढवून जिन्यापाशी उभी होती.

"कापलं गं ते," गेर्डा म्हणाली.

"कुणी? सरकारनं?"

हो म्हटलं असतं तर सुटली असती. पण बहिणीपुढे तिला ते म्हणवेना.

"आम्हीच."

रेनाटेनं वरपर्यंत बटणं लावली. "आईच्या वेळीही तुम्हीच," ती म्हणाली, आणि जिना चढून गेली. सकाळच्या पहिल्या गाडीनं हानोफरला परतली. नंतर फोन लागायचे, पण उचलायचं कुणी नाही.

तीन-चार वर्षांनी रेनाटे गेली. तिच्या मातीला जायला गेर्डाला परवानगी मिळाली. मेलेल्यांच्या बाबतीत आमचं सरकार तोवर फार उदार झालं होतं. जिवंत बहिणीला भेटायचं असतं तर कदाचित नसती मिळाली. तिकडे कॉफी होती, बेकरीतून आणलेला सफरचंदाचा केक होता, आणि सगळी अनोळखी माणसं. "आपण कोण?" असं कुणीतरी विचारलं. गेर्डा म्हणाली, "ओळखीची."

आणि मग एक दिवस भिंतच पडली.

लोथार एका रात्रीत शूरवीर झाला. पलीकडच्या टीव्हीवर जाऊन त्यानं सांगितलं, की आम्ही कसे लढलो, आमची गाणी कशी मारली गेली. केकचं कडवं साहेबांनी कितीदा कापलं हे सांगितलं. शेवटचं कुणी कापलं, ते नाही सांगितलं. आणि मग त्यानं कार्यक्रम जाहीर केला: खाजकुयलीची कापलेली गाणी, सगळे बकरे एका संध्याकाळी.

"गेर्डे, आता तुझेच दिवस!" तो म्हणाला. "पोस्टरवर तुझं नाव सगळ्यात वर."

बैल गेला नि झोपा केला. पण गेर्डा हो म्हणाली. गाणी तिचीच होती, म्हणायला दुसरं होतं कोण?

हॉलमध्ये मूठभर माणसं. बाकीचे नवी दुकानं बघायला गेले होते, नाहीतर पलीकडून जुन्या मोटारी आणायला. आले ते हसले नाहीत. ज्याला चिमटा काढायचा ते अंगच उरलं नव्हतं. सरकार मेलं, आणि मेलेल्याला चिमटे काढून कोण हसतं? गेर्डा एकेक गाणं म्हणत गेली. जन्मभर ज्याची आस धरली, ते असं समोर आलं होतं: दिवे, पियानो, लोक, आणि कुणी कापणारं नाही. लोक जांभया देत होते.

फक्त चौथ्या रांगेत एक माणूस हसत होता. बरोबर जागेवर, कधी कधी जागा यायच्या जरा आधीच. त्याचे ओठ हलत होते. सगळी गाणी त्याला पाठ होती. गेर्डानं डोळे बारीक करून बघितलं. फाइस्ट.

केकचं कडवं आलं. तिनं म्हटलं. फाइस्टनं चष्मा काढला आणि पुसला.

नंतर तो जिन्यापाशी थांबला होता. खातं बंद झालेलं, साहेबी गेलेली. घरोघर फिरून विमा विकायचा म्हणे आता. अंगात जुनाच कोट.

"सुरेख झालं, त्साइडलरबाई. पण पहिल्यांदा म्हणाला होतात ना, तेव्हा आणखी छान झालं होतं."

"तुम्हाला ठाऊक असणारच. दुसरं होतं कोण ऐकायला? ऐकणारे तुम्ही आणि मारणारेही तुम्हीच."

"बकरे आहेत ते, हे आम्हाला कळायचं हो," फाइस्ट म्हणाला. "आम्हालाही वर काहीतरी कापून दाखवावं लागायचंच. तुम्ही पाठवायचात, आम्ही कापायचो. दोघांचंही भागायचं."

"माझं नाही भागलं."

फाइस्टनं हातातली टोपी फिरवली. मग म्हणाला, "म्हणून तर त्या जत्रेला मी आजारी पडलो. त्या पोराला मीच सांगितलं होतं, काही कापू नकोस. पलीकडचे पाहुणे यायचेत, आपलं कसं मोकळं आहे ते दिसू दे, अशी वरूनच सूचना होती. म्हटलं, त्या लाटेत तुमचं ते कडवंही जाऊ दे एकदा लोकांपुढे, फक्त सही माझी नको. स्वतः तिकीट काढून आलो होतो मी."

गेर्डाला संताप आला. त्या वर्षी जो तो असलंच काही सांगत फिरत होता. जुने साहेब सगळेच्या सगळे आतून चांगले निघाले होते.

"खोटं बोलताय तुम्ही."

"पियानोनं चाल धरली," फाइस्ट म्हणाला. "तुम्ही श्वास घेतलात, खांदे वर आले तुमचे. आणि म्हटलंच नाहीत."

हे हॉलमध्ये बसलेल्यालाच ठाऊक असणार. गेर्डानं जिन्याच्या कठड्याला हात टेकला.

"मग ओरडायचं होतं ना! 'म्हण' म्हणून ओरडायचं होतं!"

"मी?" फाइस्ट म्हणाला. "मी आजारी होतो ना घरी."

वर कुणीतरी दिवे घालवायला लागलं होतं. फाइस्टनं टोपी घातली, निघाला, आणि पहिल्या पायरीवर थांबला.

"तुमची बहीण, पाहुण्यांच्या यादीतून माहीत होती मला, माझ्या पुढच्याच रांगेत होती. माणसं बघायचीच नोकरी माझी, मी तिच्याकडेच बघत होतो. पियानोनं ती चाल धरली तशी ती पुढे सरकली. समोरच्या खुर्चीची पाठ दोन्ही हातांनी धरली तिनं. चाल ओळखली असावी."

"आणि मग?" गेर्डानं विचारलं.

"मग लोक हसले," फाइस्ट म्हणाला, "आणि ती मागे टेकून बसली."